प्रति: ‘ऑब्सेशन’ला मराठी शब्द

‘ऑब्सेशन’ या इंग्रजी शब्दाला मराठीत ‘ध्यास’ म्हणावं, असं वर कुणीतरी सुचवलंय. एखाद्याला गाण्याचा ध्यास लागला, इथवर ठीक. पण कुलूप लावून, जिना उतरून, ते ओढून बघायला तीनदा वर जाणाऱ्याला ध्यास कसा म्हणणार? त्याला ‘मंत्रचळ’ हा नेमका शब्द आहे. चळ म्हणजे भ्रम, डोकं फिरणं, ‘म्हातारचळ’मधला तोच. मंत्र जपताना चूक झाली तर माणसाला भ्रम होतो, अशी जुनी समजूत. शब्द तिच्यातून आला. आता मानसोपचारावरच्या मराठी लेखनात ओसीडी (ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) या मानसिक आजाराला मंत्रचळ किंवा मंत्रचळेपणा म्हणतात. मात्र त्यात नको असलेला विचार आणि तो शमवायला केलेली कृती (हात धुणं, गॅसचं बटण तपासणं) दोन्ही येतात. नुसत्या विचाराला हा शब्द लावला की घोळ होतो.

क्रियापदावरूनही फरक कळतो. ध्यास लागतो, तसा घेताही येतो. मंत्रचळ फक्त लागतो, कुणी हौसेने घेत नाही. ‘नाद’ हा शब्द या दोन्हींच्या मधला: लागतो, करता येतो, सोडताही येतो. ‘पत्त्यांचा नाद’ म्हणताना नाक मुरडलेलं असतं; कोल्हापुरात मात्र ‘नाद खुळा!’ ही शाबासकी.