मदत हवी आहे : आपलं राजकारण परदेशी मित्रांना कसं समजवायचं?

नमस्कार मंडळी, मी भुसावळचा. रात्री ऑनलाइन बुद्धिबळ खेळताना परदेशी लोकांशी गप्पा रंगतात आणि गाडी हमखास राजकारणावर येते. बेल्जियमचा गडी स्वतःच सांगतो, २०१०-११ मध्ये निवडणुकीनंतर सरकार बसायला ५४१ दिवस लागले! ऑस्ट्रेलियावाला म्हणतो, आमच्याकडे मत दिलं नाही तर दंड. पण केंद्राबाहेर गरमागरम सॉसेज मिळतं. मी १३ मे २०२४ चा फोटो दाखवला : आमच्या रावेर मतदारसंघातली रांग, भर उन्हात डोक्यावर रुमाल बांधलेली माणसं. सगळ्यांनी मनापासून दाद दिली.

आता अमेरिकावाला विचारतोय, तुमच्याकडे एका पक्षाचे दोन कसे होतात? २०२२ ची शिवसेना, २०२३ ची राष्ट्रवादी, पक्षांतरबंदी कायदा, चिन्हाचा वाद... सांगायचं कुठून? घरात आपण यावर पोट धरून हसतो, पण बाहेरचा हसला की मला लागतं, खरंच लागतं.

कुणाची मुलं-भाचे परदेशात असतील तर विचारून सांगा ना. कुणाचीही बाजू न घेता, सोप्या इंग्रजीत चार-पाच ओळी हव्या आहेत. आणि त्यांच्या निवडणुकीवर मी कितपत थट्टा केलेली चालते?