प्रतिसाद: निळा ठिपका आहे, रस्ता कुठाय?

फोनात जागा दाखवायला जीपीएससोबत भारताची नॅविक, युरोपची गॅलिलिओ या उपग्रह यंत्रणा आहेत, मग वेगळा बॅकअप कशाला, असं वर विचारलंय. पण भावा, हे सगळे आकाशातूनच बोलतात! जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किमीवर. तिथून येणारा सिग्नल इतका क्षीण, की छोटा जॅमरही त्याला दाबतो, कधी बाकीच्यांनाही. म्हणून जमिनीवरच्या मनोऱ्यांतून जोरदार रेडिओ सिग्नल देऊन जागा कळवणारी, १०० किलोहर्ट्झची ईलोरानसारखी यंत्रणा हवीच.

आणि रेंज गेली म्हणजे जीपीएस गेला असं नव्हे. पावसाळ्यात गगनबावड्याला फोनवर माझी जागा दाखवणारा निळा ठिपका जागेवर होता, रेंज नसल्याने खाली नकाशा मात्र नुसता करडा. करूळ घाटाचा रस्ता कुठला, भुईबावडा घाटाचा कुठला, हे टपरीवाल्या मामांनी दाखवलं. आता कोल्हापुरातच नकाशा डाउनलोड करून निघतो.