साइझचा फिल्टर पुरणार नाही

जुने कपडे विकण्या-घेण्याच्या ॲपमध्ये एस-एम-एलचा फिल्टर दिला की काम भागेल, असं कुणी सुचवतं. वापरलेल्या कपड्यांत नाही भागत. एका ब्रँडचा एम दुसऱ्याच्या एलएवढा असतो, आणि धुऊन आटलेला सुती कुर्ता लेबल कुठे पाळतो!

विकणाऱ्याला कपडा सपाट पसरून चारच मापं भरायला सांगा: काखेपासून काखेपर्यंत (दुप्पट केलं की छातीचा घेर), खांदा, उंची, बाही. दहा रकाने ठेवलेत तर लोक अर्ध्यावर सोडतात. घेणाऱ्याकडून अंगाचं माप नको, नीट बसणाऱ्या कुर्त्याची हीच मापं घ्या आणि छातीच्या घेरात इंचभराच्या फरकातलेच कपडे दाखवा. अंगाच्या मापावरून शोधलं तर दोन-चार इंचांचा सैलपणा धरायचा राहतो, कुर्ता काखेत काचतो.

ब्लाउजला आतल्या मार्जिनचा रकाना हवाच. दोन्ही कुशींना, पुढच्या-मागच्या भागांत इंच-इंच कापड दाबलेलं असेल तर उसवून घेर तीनेक इंच वाढतो. मात्र जुन्या शिवणीची रेघ रेशमावर राहते, म्हणून उलट्या बाजूचा फोटो सक्तीचा ठेवा.

साडीला घडीच्या रेषेचा, उजेडासमोर धरून काढलेला फोटो मागा. रेशीम आधी तिथेच विरतं.