अनुभव धागा: ‘हे खरं हाय का?’ मोबाईलवरची बातमी तुम्ही कशी पारखता?

कोल्हापुरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एका रात्रीत तीन बातम्या आल्या. तिन्ही खोट्या निघाल्या, तोवर दोन घरांनी सामान माळ्यावर चढवलं होतं. ‘पडताळून बघा’ म्हणतात सगळेच, पण म्हणजे नेमकं काय करायचं? सल्ला नको, घडलेलं लिहा: बातमी कुठली, कशावरून खरी-खोटी वाटली, पुढं काय झालं. नाव नको, गल्ली-गाव पुरे.

दुधाळी
2019 चा ऑगस्ट. पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी. रात्री साडेअकराला नणंदेचा मेसेज आला, ‘राधानगरीतून पाच लाख क्युसेक सोडलंय, पहाटे शिवाजी चौकात पाणी.’ सासूबाईंनी देवापुढं दिवाच लावला. सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा लावून मेसेज दोनदा वाचला आणि म्हणाले, “पोरी, राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे. एकातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. सातही उघडले तरी दहा हजार. वर वीजगृहाचे दीड हजार धर. पाच लाख आणायचे कुठनं?”

पाच लाखांसारखे आकडे कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचे असतात, हेही त्यांनीच सांगितलं. आणि आलमट्टी आपल्या खालच्या अंगाला. तिथनं सोडलेलं पाणी कोल्हापुरात येत नाही, पुढं जातं. कुणीतरी दोन धरणं एकात घातली होती. त्या रात्री त्यांनी वहीचं पान फाडून लिहिलं: पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याला, इशारा 39 फूट, धोका 43 फूट, एक दरवाजा 1428. ते पान अजून फ्रिजवर आहे. मामंजी नाहीत. पुराचा मेसेज आला की मी आधी आकडा शोधते आणि त्या पानाशी लावून बघते.

चिखली, ता. करवीर
वरच्या ताईंचं वाचलं. माझं नेमकं उलटं झालं, म्हणून लिहितोय. 2021 चा जुलै. त्या आठवड्यात पुराचे चार मेसेज खोटे निघाले होते. पाचवा आला, ‘जनावरं आजच हलवा.’ तारीख नाही, खाली नाव नाही. मी म्हटलं हाही तसलाच, आणि झोपलो. रात्री दोनला म्हशी हंबरायला लागल्या. गोठ्यात पाय टाकला तर पाणी पोटरीला. दोन म्हशी सोडवल्या. रेडकू गेलं.

मेसेज खरा होता. मला तो खोटा वाटला याचं एवढं वाईट वाटत नाही. सरपंचांचं घर चार घरं सोडून आहे, आणि मी विचारायला गेलो नाही, हे अजून डाचतं. आता मेसेज कसाही असो, कळे गावातल्या मेव्हण्याला फोन लावतो, “भावा, नदी कुठवर आलीय? तू स्वतः बघून सांग.” तो टॉर्च घेऊन जातो, मग बोलतो.

मध्यवर्ती बसस्थानक, रिक्षा स्टॉप
2018 ची गोष्ट. पोरं पळवणाऱ्या टोळीच्या क्लिपा फिरत होत्या. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला 1 जुलैला याच अफवेवरून पाच जणांना मारून टाकलं, भिक्षा मागून जगणारी माणसं होती ती. त्यानंतर दोन-चार दिवसांत आमच्या स्टॉपवर एक बाई रडणारं पोर घेऊन आली आणि लोक तिच्याभोवती गोळा व्हायला लागले. एकानं मोबाईलवर क्लिप लावली, ‘मी उजळाईवाडीतून बोलतोय.’ मी म्हटलं परत लाव. क्लिपमधला माणूस ‘पुढे’, ‘इकडे’ असं बोलत होता. आमच्या उजळाईवाडीचा असता तर ‘फुडं’, ‘हिकडं’ म्हणाला असता. मी ते मोठ्यानं बोललो, बाईला रिक्षात बसवलं आणि 100 नंबर लावला. पोर तिचंच होतं, तापानं फणफणलं होतं. तेवढे दोन शब्द कानाला खटकले नसते तर काय झालं असतं, हा विचार आजही अंगावर येतो.

राजारामपुरी
कॉलेजला आहे. दोन बाणांची खूण दिसली की मेसेज निदान पाच हातांतून आलाय समजते, आणि फोटो गूगल लेन्सला लावते. आमच्या पुराचा म्हणून आलेला एक फोटो दुसऱ्याच राज्यातला निघाला. दोन मिनिटांचं काम आहे. पण मोठ्या काकांना ते सगळ्या ग्रुपसमोर सांगायला माझी जीभ रेटत नाही. मी त्यांना वेगळा फोन करते.

शिरोळ तालुका
2025 च्या जुलैत नांदणी मठाची हत्तीण महादेवी जामनगरला नेली, तेव्हा आमच्याकडं घराघरांत चूल थंड होती. आईला व्हिडिओ आला, हत्ती साखळीला डोकं लावून रडतोय. तिनं तो अकरा जणींना पाठवला. मी बघितलं तर त्याला हातभर सुळे. आपली महादेवी हत्तीण. आपल्याकडच्या हत्तिणीला असे सुळे नसतात, आणि आई तर तिला वर्षानुवर्षं केळी भरवत आलेली. दाखवल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मला डोळ्यातलं पाणी दिसलं रे, सुळे दिसलेच नाहीत.” मग तिनं त्या अकरा जणींना एकेक करून फोन केला. दुपार गेली त्यात.

चिखली, ता. करवीर
दुधाळीच्या ताई, त्या पानाचा फोटो टाकाल का? गोठ्यात लावतो.

दुधाळी
टाकते दादा. शाई पुसट झालीय. 1428 मधला 2 मी वरून गिरवलाय, तेवढं चालवून घ्या.