ओल्ड साउथची चहापलीकडची गोष्ट

अमेरिकेतल्या बॉस्टनच्या ओल्ड साउथ मीटिंग हाऊसबद्दल बहुतेकदा चहाच्या सभेपुरतंच लिहिलं जातं (ब्रिटिशांच्या चहावरच्या कराविरुद्धची ही सभा; तिच्यानंतर लोकांनी जहाजांवरचा चहा समुद्रात फेकला), म्हणून थोडी भर. १७२९ साली प्युरिटन या कडक प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींनी ही वास्तू प्रार्थनेसाठी बांधली. गावातली सर्वांत मोठी जागा हीच, त्यामुळे फॅन्युइल हॉल हे गावाचं सभागृह अपुरं पडलं की लोक इथे यायचे. १६ डिसेंबर १७७३ला चहाच्या सभेसाठी सुमारे पाच हजार माणसं जमली ती याच कारणाने.

त्याचा राग ब्रिटिशांनी पुरेपूर काढला. १७७५त बंडखोर वसाहतवाल्यांनी बॉस्टनमधल्या ब्रिटिश सैन्याला वेढा घातला, तेव्हा त्या सैन्याने आतली बाकं उखडून जाळली, जमिनीवर माती-खडी पसरली आणि घोडेस्वारांना चक्क आत सराव करायला लावलं! घोड्यांना उड्या मारायला आडवा दांडाही होता. पुन्हा उपासना सुरू व्हायला १७८३ उजाडलं. फिलिस व्हीटली ही गुलामगिरीत आणलेली कवयित्री इथे प्रार्थनेला जमणाऱ्या याच चर्च-मंडळीची सभासद होती, हे आवर्जून सांगायला हवं.

१८७२च्या आगीतून इमारत वाचली, काही काळ तिथे पोस्ट ऑफिस होतं. मंडळी नव्या चर्चमध्ये गेली आणि १८७६त ही इमारत पाडायला काढली. बॉस्टनच्या बायकांनी पुढाकार घेऊन ती वाचवली, याचं मला फार कौतुक वाटतं. १८७७पासून तिथे संग्रहालय आहे.