शब्दचर्चा : ‘स्पिन-ऑफ’ मालिकेला काय म्हणावे?

प्रश्न :
‘द सारा जेन ॲडव्हेंचर्स’ या बीबीसीच्या मुलांसाठीच्या विज्ञानकथा-मालिकेबद्दल प्रेक्षकांना काय वाटते, यावर लेख लिहितो आहे. ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्याच जुन्या विज्ञानकथा-मालिकेतल्या सारा जेन स्मिथ या पत्रकार बाईला मुख्य पात्र करून २००७ मध्ये ही मालिका निघाली. दोन जागी अडलो आहे. ‘स्पिन-ऑफ’साठी, म्हणजे एका मालिकेतले पात्र घेऊन निघालेल्या दुसऱ्या मालिकेसाठी, ‘उपमालिका’ लिहिले, ते खटकते. शिवाय बऱ्याच जणांच्या बोलण्याचा सूर ‘लहान मुलांची असूनही चांगली’ असा आहे. ते ‘बालमालिका असूनही दर्जेदार’ असे लिहिले तर चालेल का?

प्रतिसाद :
‘उपमालिका’ राहू द्या. उपकथानक, उपनगर, उपविभाग या शब्दांची सवय आहे, वाचणाऱ्याला लगेच कळेल.

प्रतिसाद :
कळेल, पण भलतेच कळेल. उपनदी मुख्य नदीला येऊन मिळते, उपकथानक मुख्य कथानकाला हातभार लावते. ‘उप’ म्हटले की दुय्यमपणा आला आणि परत मूळ जागी येणेही आले. इथे प्रवाह उलटा आहे. सारा जेन १९७३ मध्ये ‘डॉक्टर हू’त आली, १९७६ मध्ये गेली आणि २००६ मध्ये एका भागापुरती परतली. त्यानंतर तिला स्वतःचे घर मिळाले : लंडनच्या ईलिंग भागातली बॅनरमन रोड, माळ्यावरचा मिस्टर स्मिथ नावाचा संगणक, दत्तक घेतलेला ल्यूक आणि शेजारपाजारची शाळकरी मुले. ‘डॉक्टर हू’चा एकही भाग न पाहिलेल्या मुलाला ही मालिका सुरुवातीपासून समजते. तिला ‘उप’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद :
मग ‘फाटा’? कालव्याला फाटा असतो, रस्त्याला असतो.

प्रतिसाद :
अर्थ बरोबर, पण ‘फाटा देणे’ आडवे येते. ‘डॉक्टर हूला फाटा’ असा मथळा वाचून लोकांना वाटेल की मूळ मालिका गुंडाळली.

मी ‘फुटवा’ सुचवतो. ऊस, भात, गहू, सगळ्यांना फुटवे येतात. तो मूळ झाडापासूनच निघतो, पण त्याला स्वतःची वाढ असते, आणि मूळ झाड आपल्या जागी उभेच असते. ‘टॉर्चवुड’ हा त्याच ‘डॉक्टर हू’चा प्रौढांसाठीचा फुटवा, २००६ चा. सगळे फुटवे धरत नाहीत हेही शब्दातच आले. सारा जेन आणि के-नाइन हा यांत्रिक कुत्रा यांना घेऊन १९८१ मध्ये एक भाग दाखवला होता, पुढे मालिका झालीच नाही. एकाच भागाला ‘उपमालिका’ तरी कसे म्हणणार? ‘न धरलेला फुटवा’ म्हणता येते.

प्रतिसाद :
शेतीशी संबंध नसलेल्या वाचकाला ‘फुटवा’ अडेल. ‘शाखामालिका’ सौम्य आहे, बँकेच्या शाखेमुळे सर्वांना ठाऊक आहे.

प्रतिसाद :
शाखा मुख्यालयाच्या हुकुमाने चालते, म्हणजे पुन्हा ‘उप’च झाले. पहिल्यांदा ‘फुटवा-मालिका’ असे जोडून लिहा, संदर्भाने कळेल. पुढे नुसते ‘फुटवा’ पुरे.

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘असूनही’ हे अव्यय उणीव गृहीत धरते. ‘आजारी असूनही आला’, ‘गरीब असूनही शिकला’. त्या रांगेत ‘मुलांची असूनही’ बसवले की मुलांसाठी असणे हाच दोष ठरतो. एखाद्या प्रेक्षकाने तसे म्हटले असेल तर अवतरणचिन्हांत त्याच्या नावावर जाऊ द्या, पण तुमच्या वाक्यात ते नको. या मालिकेत एका गोष्टीत स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या बाई आहेत आणि त्यांच्या आठवणींवरच मारिया या मुलीच्या दगड झालेल्या वडिलांची सुटका अवलंबून आहे. दुसरीत सारा जेन १९५१ मध्ये जाऊन आईवडिलांचा अपघात टाळते, आणि त्याने जग उद्ध्वस्त झालेले पाहून आईवडील स्वतःहून मरणाकडे जातात. २०११ च्या पर्वात क्लाइड या मुलावर असा शाप येतो की त्याचे नाव घेताच सगळे, त्याची आईसुद्धा, त्याला दूर लोटतात. तो रस्त्यावर राहू लागतो, त्याला बेघर मुलगी भेटते. हे समोर बसलेल्या मुलांना समजेल असे सांगितले आहे, म्हणून ते चांगले आहे. तिथे ‘असूनही’ नव्हे, ‘असल्यामुळे’ हवे.

काही विनोद फारच लहानांसाठीचे आहेत, विशेषतः स्लिथीन या परग्रहवासीयांचे. त्याबद्दलची तक्रार रास्त आहे, ती जरूर द्या. पण तक्रार विनोदाची आहे, वयोगटाची नाही, हे वाक्यात दिसू द्या.

प्रतिसाद :
‘बाल’बद्दलही विचार करा. मराठीत बालसाहित्य आणि कुमारसाहित्य हा भेद आहे. ल्यूक, मारिया, क्लाइड, राणी माध्यमिक शाळेतली आहेत. ‘कुमारमालिका’ अधिक नेमके.

प्रश्नकर्ता :
‘कुमारमालिका’ आणि ‘फुटवा’ दोन्ही घेतो. ‘असूनही’ तीन ठिकाणी होते, तिन्हीकडून काढले. एक वाक्य तपासून द्याल का? ‘सारा जेनची भूमिका करणाऱ्या एलिझाबेथ स्लेडन एप्रिल २०११ मध्ये वारल्या, त्यामुळे हा फुटवा पाचव्या पर्वात, तीनच कथांवर खुंटला.’

प्रतिसाद :
‘खुंटला’ नको. खुंटणे म्हणजे फुटव्याची स्वतःचीच वाढ थांबणे. इथे तो वाढतच होता, फक्त उरलेल्या कथा चित्रित झाल्याच नाहीत. ‘तीनच कथांवर थांबला’ लिहा. ‘वारल्या’च्या जागी ‘यांचे निधन झाले’ बरे. बाकी ठीक.