वारंवार विमानप्रवास: विलंब, सामान आणि स्थळदर्शन यांचा मेळ कसा घालावा?

दिशांतर (प्रश्न)

कामानिमित्त मला वर्षभर परदेशी जावे लागते आणि शक्य होईल तेथे मी कामाला जोडून एखाद-दोन दिवस त्या शहरासाठी राखून ठेवतो. बैठकांच्या सभागृहापलीकडे ज्या शहराचे काहीच पाहिले नाही, त्या शहरात आपण जाऊन आलो असे म्हणणे मला पटत नाही, म्हणून हे दिवस मला मनापासून मोलाचे वाटतात. मात्र विमानाला उशीर झाला की तो नेमका याच दिवसांतून वजा होतो, कारण कामाच्या वेळा काही पुढे सरकत नाहीत. मागील प्रवासात पहिले विमान उशिरा पोहोचल्यामुळे पुढचे विमान चुकले, सामान दुसऱ्या दिवशी हाती आले आणि एका संग्रहालयाच्या तिकिटावरची वेळ मी विमानतळावर बसलेलो असतानाच उलटून गेली.

दोन विमानांमध्ये किती अंतर ठेवावे, सगळे सामान केबिनमध्ये नेणे खरोखर हिताचे आहे का, आणि वेळ ठरवून दिलेली तिकिटे लागतात अशा स्थळांचा कार्यक्रम कसा आखावा, हे मला जाणून घ्यायचे आहे. नियमित प्रवास करणाऱ्यांनी आपली पद्धत कारणांसह सांगितल्यास उपयोग होईल.

पूर्वरंग

विमानाला उशीर का होतो हे नीट समजले, तर अंतर किती ठेवायचे याचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते. एकच विमान दिवसभरात अनेक फेऱ्या करते, त्यामुळे सकाळच्या फेरीत झालेला अर्ध्या तासाचा उशीर दुपारच्या आणि संध्याकाळच्या फेऱ्यांवर साचत जातो, आणि शेवटच्या फेरीच्या प्रवाशाला ज्या कारणासाठी थांबावे लागते ते कारण कित्येकदा दुसऱ्याच शहरात, दहा तासांपूर्वी घडलेले असते. म्हणून विमान निवडताना मी दिवसाच्या पहिल्या फेरीला प्राधान्य देतो. ते विमान बहुधा आदल्या रात्रीच त्या विमानतळावर येऊन थांबलेले असते, आणि ती फेरी रद्द झालीच तर त्याच दिवशी पुढच्या फेरीत जागा मिळण्याची शक्यता उरते. रात्रीच्या शेवटच्या फेरीच्या प्रवाशाला ती सोय नसते.

दुसरी गोष्ट वैमानिक आणि कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांची. त्यांनी सलग किती तास कामावर राहायचे याची मर्यादा कायद्याने ठरलेली असते. त्यामुळे दोन-तीन तासांचा वाटणारा विलंब ही मर्यादा ओलांडली जाताच अचानक दुसऱ्या दिवसावर जातो, कारण बदली कर्मचारी प्रत्येक विमानतळावर उपलब्ध नसतात. सुटण्याची वेळ पुन्हा पुन्हा थोडी थोडी पुढे ढकलली जात असेल, तर ही शक्यता गृहीत धरून पर्यायी विमाने त्याच वेळी पाहून ठेवावीत. आपले विमान सध्या कोठे आहे हे दाखवणारी ॲप्स यासाठी फार उपयोगी पडतात: ज्या विमानाने तुम्हाला जायचे आहे ते अजून आधीच्या शहरातूनच निघालेले नसेल, तर फलकावर ‘वेळेवर’ असे दिसत असले तरी त्यावर विसंबू नये.

आता अंतराबद्दल. विमानतळांनी ठरवलेला किमान जोडवेळ असतो आणि आरक्षणाच्या संकेतस्थळांवर तेवढ्याच वेळाची जोडणी सर्रास विकली जाते. तो वेळ सगळे सुरळीत असतानाचा आहे. ज्या ठिकाणी पारपत्र तपासणी किंवा दुसरी सुरक्षा तपासणी पार करावी लागते, तेथे मी तीन तासांहून कमी अंतर ठेवत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असावीत. मग पहिल्या विमानामुळे दुसरे चुकले तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची राहते. वेगवेगळी तिकिटे काढल्यास दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही केवळ न आलेले प्रवासी ठरता आणि ते तिकीट वाया जाते.

वक्तशीरपणाच्या टक्केवारीवर फार भिस्त ठेवू नका, हेही सांगावेसे वाटते. साधारणपणे ठरलेल्या वेळेच्या १५ मिनिटांच्या आत आलेले विमान वेळेवर धरले जाते, पण उरलेली विमाने वीस मिनिटे उशिरा आली की सहा तास, हे त्या आकड्यातून कळत नाही.

धुकेवाट

पूर्वरंग यांच्या बहुतेक विवेचनाशी मी सहमत आहे, मात्र पहाटेच्या विमानाचा सल्ला ऋतू पाहूनच पाळावा. हिवाळ्यात निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री जमीन थंड होऊन जे धुके धरते ते सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत दाट असते आणि ऊन तापल्यावर विरते. अशा धुक्यासाठी प्रसिद्ध असलेल्या शहरांतून त्या महिन्यांत दिवसाची पहिली फेरीच सर्वांत आधी अडकते, म्हणून तेथे मी सकाळी उशिराचे किंवा दुपारचे विमान घेतो. उलट उन्हाळ्यात आणि पावसाळी हवेत गडगडाटी ढग दुपारनंतर उभे राहतात, तेव्हा पहाटेची निवडच योग्य ठरते. जोडणीचे शहर निवडतानाही हाच विचार करावा, कारण तिकीट काढताना आपण आपल्या गावच्या आणि मुक्कामाच्या हवेचा विचार करतो, पण मधल्या शहराचा विसर पडतो.

संथपाऊल

स्थळदर्शनाचा कार्यक्रम उशिराला सोसेल असा मांडता येतो, आणि माझ्या मते या प्रश्नाचा सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे. प्रत्येक शहरातली स्थळे मी दोन गटांत विभागतो: ज्यांना वेळ बांधलेली आहे ती, आणि जी कोणत्याही वेळी भेटतात ती. मिलान येथील लिओनार्दोचे ‘शेवटचे भोजन’ हे भित्तिचित्र पाहण्यासाठी लहान गटांना आधी ठरलेल्या वेळी १५ मिनिटे आत सोडले जाते. ग्रानादा येथील अलहंब्रात नासरी महालांच्या प्रवेशाची वेळ तिकिटावर छापलेली असते, मात्र तेथील बागा आणि किल्ला त्याच तिकिटावर इतर वेळी पाहता येतात. ॲमस्टरडॅममधील ॲन फ्रँक यांच्या घराची तिकिटे फक्त ऑनलाइन आणि ठरावीक वेळेचीच मिळतात. अशी स्थळे पोहोचण्याच्या दिवशी कधीही ठेवू नयेत. मुक्काम दोन दिवसांचा असेल तर ती दुसऱ्या दिवशी ठेवावीत आणि पहिला दिवस नदीकाठ, चौक, पूल, जुने रस्ते आणि उद्याने यांना द्यावा. विमान पाच तास उशिरा आले तरी नदीकाठ तेथेच असतो, आणि शहराच्या दिशा व अंतरे पायांना कळल्यामुळे दुसरा दिवसही सोपा जातो.

साप्ताहिक सुट्ट्या मात्र तिकीट काढण्यापूर्वी पाहाव्यात. पॅरिसमधील लूव्र मंगळवारी बंद असते आणि त्याच शहरातील ऑर्से संग्रहालय सोमवारी. फ्लोरेन्समधील उफित्सीही सोमवारी बंद असते. ताजमहाल शुक्रवारी पर्यटकांना बंद असतो. एक दिवसाच्या विलंबाने तुम्ही नेमके सुट्टीच्या वारावर जाऊन पडत असाल, तर कार्यक्रम मुळातच नाजूक आहे असे समजावे. याउलट काही संग्रहालये आठवड्यातून एखादा दिवस रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. लूव्र शुक्रवारी रात्री ९ पर्यंत असते आणि दिवस हातचा गेला तरी ती संध्याकाळ बरेच काही वाचवते.

शरीराच्या घड्याळाचाही उपयोग करून घ्यावा. ते घड्याळ स्वभावतः चोवीस तासांहून किंचित लांब चालते, त्यामुळे पूर्वेकडचा प्रवास अधिक जड जातो, आणि ते नव्या वेळेशी दिवसाला साधारण एखाद्या तासाने जुळते. पश्चिमेकडे गेल्यावर पहाटेच जाग येते, तेव्हा गर्दी होण्यापूर्वीचे रस्ते आणि स्मारके त्या वेळेत पाहावीत व संध्याकाळी काही बांधून घेऊ नये. पूर्वेकडे गेल्यावर रात्री झोप लागत नाही आणि सकाळ अवघड जाते, म्हणून वेळेचे तिकीट दुपारनंतरचे काढावे.

तुम्ही त्याच शहरांत पुन्हा पुन्हा जात असाल, तर एका भेटीत एकच भाग पाहावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एका दिवसात सहा ठिकाणे उरकणाऱ्याच्या हाती छायाचित्रे लागतात, पण ज्या भागात आपण दुपारभर हिंडलो त्याचा नकाशा वर्षानुवर्षे डोक्यात राहतो.

हलकेगाठोडे

सामानाबद्दल लिहितो. जोडविमान असेल आणि मुक्काम आठवड्याच्या आतला असेल, तर सर्व सामान केबिनमध्येच न्यावे असे माझे ठाम मत आहे, कारण विमान चुकल्यावर ज्याचे सामान यंत्रणेत अडकलेले नाही त्याला दुसऱ्या फेरीवर बसवणे सोपे असते. मात्र भरलेल्या विमानात गेटवर केबिन बॅगही काढून घेतात आणि खाली ठेवतात. त्यासाठी औषधे, कागदपत्रे, चष्मा आणि पॉवर बँक वेगळ्या छोट्या पिशवीत, बॅगेच्या सर्वांत वर ठेवावी, म्हणजे ती एका झटक्यात काढता येते. पॉवर बँक खालच्या सामानात ठेवण्यास मनाई आहे. तिची क्षमता वॉट-तासांत मोजतात: मिलीअँपिअर-तासांना ३.७ व्होल्टने गुणून १००० ने भागावे. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची भरते. १०० पर्यंत सहसा अडचण येत नाही, १०० ते १६० साठी कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढची नेता येत नाही. काही कंपन्यांचे नियम याहून कडक असतात, म्हणून तेही वाचावेत.

द्रवपदार्थांची १०० मिलिलिटरची मर्यादा २००६ पासून आहे. नवी स्कॅनर यंत्रे आलेल्या काही विमानतळांवर ती शिथिल झाली असली तरी परतीच्या विमानतळावर जुनाच नियम असू शकतो. बाटलीतली हवा दाबून काढून मगच झाकण लावावे, कारण केबिनमधला दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका कमी होतो आणि आत कोंडलेली हवा फुगून द्रव बाहेर ढकलते.

सामान खाली द्यावेच लागले, तर पट्टीवरचे तीन अक्षरी विमानतळ-संकेत काउंटर सोडण्यापूर्वी वाचावेत आणि बॅगेचे एक छायाचित्र काढून ठेवावे.

दिशांतर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पश्चिमेकडे गेल्यावर पहाटेचा उपयोग करण्याची सूचना माझ्या मनात आलीच नव्हती. एक शंका उरते: एवढे करूनही विलंब झाला आणि सामान मागे राहिले, तर प्रवाशाने त्याच दिवशी विमानतळावर काय काय करून ठेवावे?

करारपत्र

सामान पट्ट्यावर आले नाही, तर त्या दालनातून बाहेर पडण्यापूर्वी सामानाच्या काउंटरवर लेखी नोंद करून तिचा क्रमांक घ्यावा. आंतरराष्ट्रीय प्रवासाला बहुतेक देशांत १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. त्यानुसार खराब झालेल्या सामानाची लेखी तक्रार ते मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या सामानाची ते ताब्यात आल्यापासून २१ दिवसांत करावी लागते. पोहोचायला हवे होते त्या दिवसापासून २१ दिवसांतही सामान आले नाही, तर प्रवाशाला ते हरवले असे मानून दावा करता येतो. तोवर घेतलेल्या आवश्यक कपड्यांच्या आणि वस्तूंच्या पावत्या जपाव्यात, कारण भरपाई प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीची मिळते आणि तिला कमाल मर्यादा आहे.

विमानाच्या विलंबाबाबत युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम सर्वांत स्पष्ट आहे. संघातील विमानतळावरून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला, तसेच बाहेरून संघात येणाऱ्या संघातील कंपन्यांच्या विमानांना तो लागू होतो. अंतिम मुक्कामी तीन तास किंवा अधिक उशीर झाल्यास अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाई मागता येते. वादळासारखे असाधारण कारण असेल तर ती रक्कम मिळत नाही, पण जेवण आणि गरज पडल्यास निवास देण्याची जबाबदारी त्या स्थितीतही कंपनीवरच राहते. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश अनेक दिवस बंद राहिले, तेव्हाही ही जबाबदारी संपत नाही असे युरोपीय न्यायालयाने पुढे २०१३ मध्ये स्पष्ट केले.

त्यामुळे थांबलेले असतानाच कर्मचाऱ्यांकडून विलंबाचे कारण लिहून घ्यावे किंवा ते सांगणारा संदेश जपून ठेवावा, बोर्डिंग पास टाकू नये, आणि पोहोचल्यावर विमानाचे दार उघडल्याची वेळ टिपावी, कारण या नियमात पोहोचण्याची वेळ त्या क्षणाची धरतात, धावपट्टीवर उतरल्याची नव्हे. प्रवास विमा असेल तर त्यालाही कंपनीचे विलंबाचे लेखी प्रमाणपत्र लागते, आणि ते नंतर पत्रव्यवहाराने मिळवण्यापेक्षा गेटवर मागणे कितीतरी सोपे जाते.